ऑस्लोकर जावयाचं पहिलं पिंप

आर्विडने त्या रविवारी तोंडात बटाटा असताना बोलायला नको होतं. माणूस बटाटा चावून, गिळून, वर पाण्याचा घोट घेऊन बोलला, तर मधल्या वेळात त्याला विचार करायला सवड मिळते. पण सासऱ्यांनी, म्हणजे मोन्सनी, काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "यंदा खमीर यूस्टाइनला देऊन टाकतो," आणि आर्विड गरम बटाट्यासकट बोलून गेला, "कशाला? मी करतो की बिअर."

त्याची बायको गुनवोर त्याच्याकडे अशी बघायला लागली, की जणू त्याने नोकरी सोडून रेनडिअर पाळण्याचा बेत सांगितला होता.

"तू?" मोन्स म्हणाले.

"मी," आर्विड म्हणाला. आता मागे हटणं शक्य नव्हतं. बटाटाही एव्हाना गिळून झाला होता.

मोन्सच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो हात नव्या वर्षापर्यंत झोळीत राहणार होता. एका हाताने शंभर लिटरचा हंडा हलवता येत नाही, म्हणून हा सगळा प्रश्न उभा राहिला होता. नाताळची बिअर त्या घरात मोन्सच्या आजीपासून दर वर्षी होत आली होती आणि दर वर्षी त्याच एका खमिराने. बिअर काढून घेतली की पिंपाच्या तळाशी दाट साका उरतो. तो बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि पुढच्या वर्षी धान्याच्या नव्या रसाला लावायचा. आपण विरजण राखतो तसंच, फक्त इथे शंभराहून जास्त वर्षं खंड नव्हता. दुकानात पाकिटातलं खमीर मिळतं, पण मोन्स 'पाकिटातलं' हा शब्द अशा सुरात उच्चारत, की ऐकणाऱ्याने टोपी काढून दोन मिनिटं उभं राहावं.

आणि यूस्टाइन हा मोन्सचा पुतण्या. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, पलीकडच्या काठाला राहायचा, त्याच्याकडे स्टीलची चकचकीत भांडी होती, आणि त्याच्या बिअरबद्दल लोक आदराने आवाज खाली आणून बोलत. "आमच्यापेक्षा तुमचं खमीर चांगलं, काका," असं म्हणून त्याने दोन महिन्यांत तीनदा ते मागितलं होतं.

आता आर्विडच्या मनात काय होतं तेही सांगून टाकलं पाहिजे. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत तो त्याच अंगणात राहत होता, सासऱ्यांच्या मेंढ्यांमागे धावला होता, दर शरद ऋतूत त्यांचे बटाटे उपसत होता. तरी तो जन्माने राजधानीतला, म्हणून मोन्स त्याला 'ऑस्लोकर' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि लाडाने नव्हे. या अठरा वर्षांत त्यांनी जावयाला स्वतःहून दिलेली एकमेव गोष्ट म्हणजे सर्दी. ते खमीर आपल्या डोळ्यांदेखत फ्योर्ड ओलांडून जाणार, हे आर्विडला सहन झालं नाही. लागलं ते थेट काळजाला.

"ठीक आहे," मोन्स म्हणाले. "नाताळाआधीच्या शनिवारी लोक चाखायला येतील. त्यांनी तोंड वाकडं केलं, तर राहिलेलं खमीर यूस्टाइनचं. बटाटे दे इकडे."

आर्विड पालिकेच्या बांधकाम विभागात अधिकारी होता. कोणत्याही कामाची सुरुवात फायलीने होते अशी त्याची श्रद्धा होती. सोमवारी त्याने नवी फाईल उघडली, तिच्यावर 'बिअर' असं लिहिलं, आणि मग कुणी बघितलं तर काय, म्हणून ते खोडून 'पेयविषयक' असं लिहिलं. मुळात त्याला प्रश्न पडायची खोड होती. धान्याचा गोडवा नक्की कुठून येतो? खमीर फ्रीझरमध्ये वर्षभर करतं तरी काय? झोपतं, की वाट बघतं? बिअर करायची ठरली आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा असा विषय सापडला, की ज्यातला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या प्रश्नाला घेऊन घरी येत होता. तो वही घेऊन मोन्सपुढे बसला.

"पाणी किती तापवायचं?"

"पुरेसं."

"पुरेसं म्हणजे किती?"

"फार नाही इतकं."

"आणि खमीर घालताना रस किती गरम हवा?"

"ताज्या धारेच्या दुधाइतका."

"अंशांत सांगा ना."

"गाईला विचार."

आर्विडने तीन थर्मामीटर विकत आणले. एकाच भांड्यात बुडवल्यावर पहिला सहासष्ट म्हणाला, दुसरा एकाहत्तर. तिसरा काहीच म्हणाला नाही, आणि शेवटपर्यंत आर्विडचा त्यातल्या त्यात विश्वास याच्यावर राहिला.

मग जुनिपर. या भागात बिअरचं पाणी जुनिपर या सुवासिक, काटेरी झुडपाच्या फांद्या घालून उकळतात आणि गाळणीलाही त्याच फांद्या लागतात. कोणत्या फांद्या घ्याव्यात यावर आर्विडने गावात विचारणा केली, ती करायला नको होती. फळं असलेल्याच घ्याव्यात, नाहीतर ते नुसतं गरम पाणी, असं पोस्टातल्या बाईंचं मत पडलं. फळं असतील तर डोकं दुखतं, असं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने सांगितलं आणि पुरावा म्हणून स्वतःचं डोकं दाखवलं. पाद्रीबाबांनी उत्तरेकडच्या फांद्या सुचवल्या. प्रत्येकाने शेवटी एकच वाक्य जोडलं, "चाखायला येतोच मग." दोन दिवसांत चौदा माणसांना आमंत्रण गेलं होतं आणि आर्विडने एकालाही बोलावलं नव्हतं.

घरामागच्या उतारावर एक टुमदार झुडूप होतं. तो कात्री घेऊन त्याला हात लावणार, तोच वरून आवाज आला, "ए आर्विड, कुणाचं झुडूप कापतोस रे?"

शेजारच्या बोर्गहिल्डकाकू. वय शहात्तर, नजर घारीची.

"आमचंच आहे ना, काकू?"

"होतं. गेल्या वर्षी तूच येऊन मोजणी केलीस आणि खुंट्या मारल्यास. चार मीटर जमीन माझ्याकडे आली. मोन्स तेव्हा आठ दिवस तुझ्याशी बोलला नव्हता, विसरलास?"

आर्विड विसरला नव्हता. ती मोजणी अत्यंत अचूक होती, एवढंच त्याला त्या क्षणी आठवलं.

"मग कापू का?"

"काप की. मी काय नाही म्हणतेय? फक्त विचारून काप. आणि फळंवाल्या घेऊ नकोस, अंगाला खाज सुटते. चाखायला येतेच मी."

पण या सगळ्याहून मोठी अडचण धुराड्याची होती. अंगणाच्या कोपऱ्यात जुनं चूलघर होतं. पिढ्यान् पिढ्या बिअर तिथेच व्हायची. चार वर्षांपूर्वी पालिकेच्या तपासणीत त्याचं धुराडं तडकलेलं आढळलं आणि तिथे विस्तव पेटवायला बंदी घालणारा हुकूम निघाला. हुकुमावर सही होती आर्विडची. मोन्सनी तो हुकूम काचेच्या चौकटीत बसवून चूलघराच्या भिंतीवर लावला होता आणि त्याच्याखाली बसून पुढची चारही वर्षं बिअर केली होती. दर वर्षी त्या दिवशी आर्विड नेमका बायकोला घेऊन खरेदीला शहरात जायचा, कारण अधिकाऱ्याला जे माहीत नाही त्यावर कारवाई करता येत नाही. पण आता विस्तव तोच लावणार होता. स्वतःला न कळवता एखादी गोष्ट कशी करायची, याची तरतूद नियमांत नव्हती.

त्याने तात्पुरत्या परवानगीचा अर्ज केला. पण स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय द्यायचा नाही, इथे हितसंबंध येतात, म्हणून त्यानेच तो नियमाप्रमाणे शेजारच्या पालिकेकडे पाठवला. तिथून एका बाईंचा फोन आला.

"अर्जदार कोण?"

"आर्विड मेल्हाइम."

"बंदीहुकूम कुणाचा आहे?"

"आर्विड मेल्हाइम."

"वडील का तुमचे?"

"नाही. मीच."

"अच्छा. म्हणजे तुमची तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"तक्रार नाही हो, विनंती आहे."

"हुकूम चुकीचा होता असं तुमचं म्हणणं आहे का?"

"छे! धुराडं खरंच तडकलेलं आहे."

"मग परवानगी का मागताय?"

आर्विडने 'पेयविषयक' फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. बाई भल्या होत्या, त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "निर्णयाला बारा आठवडे लागतील. मध्ये नाताळ आहे, तेव्हा चौदा धरा."

म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी आर्विडने भर अंगणात तीन दगड मांडले, त्यावर तांब्याचा हंडा चढवला आणि वर ताडपत्री बांधली. त्या किनाऱ्यावर डिसेंबरात पाऊस पडतो हे त्याला अठरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. ताडपत्रीत पाणी साठतं हे मात्र माहीत नव्हतं. सकाळी मोड आणून वाळवलेलं धान्य कढत पाण्यात भिजलं, जुनिपरचा वास अंगणभर पसरला, रस गळायला लागला. गोड, तपकिरी, चिकट रस. आर्विडने बोट बुडवून चाखला आणि खरोखर चकित झाला. साखरेचा कण न घालता हे गोड झालं होतं! त्याने गुनवोरला हाक मारून चाखवलं, बोर्गहिल्डकाकूंच्या कुत्र्यालाही चाखवलं. कुत्र्याने हट्टाने आणखी मागितलं, तेव्हा त्याला आवरण्यासाठी आर्विडने हातात धरलेला ताडपत्रीचा डगमगता खांब सोडला.

दोन-तीन बादल्या पावसाचं पाणी एकदम हंड्यात आलं. थोडं विस्तवावर गेलं आणि आर्विडभोवती राखेचा ढग उठला. अंगणापलीकडच्या छोट्या घराच्या खिडकीत मोन्स कॉफीचा पेला घेऊन बसले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, सगळं दृश्य नीट पाहिलं, आणि पुन्हा उचलला.

संध्याकाळी रस पिंपात भरला गेला, ठरल्यापेक्षा बराच जास्त आणि ठरल्यापेक्षा बराच पातळ. आता खमीर. इथे आर्विडने आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली आणि ती अत्यंत विचारपूर्वक केली. त्याने ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात स्वच्छ छापलं होतं की रस वीस अंशांच्या वर असताना खमीर घालू नये आणि पिंप गार जागी ठेवावं. एका बाजूला छापील पान, दुसऱ्या बाजूला गाईचं दूध. पालिकेत बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस कुठल्या बाजूला जाणार? त्याने रस चांगला गार होऊ दिला, पिंप कोठारात थंड फरशीवर ठेवलं, आणि रस जास्त आहे म्हणून बरणीतलं सगळंच्या सगळं खमीर ओतलं. चमचाभरही मागे ठेवलं नाही.

खमीर घालताना आरोळी द्यायची असते. जितकी मोठी आरोळी, तितकी तेज बिअर, असं तिथे मानतात, आणि खोऱ्यातले लोक ती अशी देतात की समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या माना वर करतात. आर्विडने दार लावून घेतलं, आजूबाजूला पाहिलं, आणि घसा खाकरल्यासारखं काहीतरी केलं.

रविवारी पिंप गप्प होतं. सोमवारी सकाळीही गप्प. या खमिराला काही तासांत उकळी फुटते, ती घरात ऐकू येते, असं गुनवोर लहानपणापासून ऐकत आली होती. आर्विड पिंपाला कान लावून बसला. त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला.

"काय म्हणतंय?" मोन्सनी खिडकीतून विचारलं.

"चाललंय हळूहळू," आर्विडने दडपून सांगितलं आणि त्याचे कान तापले.

गुनवोर त्याच्याशेजारी येऊन बसली. "बरणीत किती ठेवलंस?"

"कशात?"

"बरणीत रे. अर्धं मागे ठेवतात ना."

आर्विडने पिंपावरचा कान उचलला. "मला कुणी सांगितलं नाही."

"हे काय सांगायचं असतं?" ती म्हणाली आणि मग तिचा चेहराही उतरला. तिच्या पणजीपासूनचं सगळं त्या एका पिंपात होतं आणि पिंप मुकं होतं. "आर्विड, बाबांना हे कळलं तर त्यांना फार लागेल रे. ते बोलणार नाहीत. तेच वाईट."

आर्विडने ऑफिसात आजारपण कळवलं, ते खोटंही नव्हतं, आणि पहिल्या फेरीबोटीने पलीकडच्या काठाला गेला. यूस्टाइन कधीतरी मोन्सकडून खमीर घेऊन गेला असेल, त्यातलं चमचाभर तरी मागावं, पाया पडून मागावं, मग यूस्टाइन हसला तरी चालेल, असं त्याने ठरवलं होतं.

यूस्टाइनने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकलं. हसला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"सगळं ओतलंस?"

"सगळं. म्हणून म्हटलं, तुझ्याकडचं—"

"माझ्याकडचं काय राहिलंय बोडक्याचं!" यूस्टाइन एकदम म्हणाला. "सप्टेंबरात आम्ही स्पेनला उन्हात पडायला गेलो. जाताना सगळी बटणं बंद केली मी. चांगली सवय आहे ना मला! फ्रीझरचंही केलं. परत आलो तर मासे, मटण, खमीर, सगळ्याची एकच आमटी झालेली. म्हणून तर काकांच्या मागे लागलो होतो. त्यांचं मिळालं असतं तर कुणाला कळलंही नसतं."

दोघं प्रौढ, कर भरणारे, बायकामुलांचे पुरुष एका म्हाताऱ्याच्या धाकाने समोरासमोर बसून राहिले. कॉफी निवली.

"म्हणजे आता जे काय आहे ते त्या पिंपातच," आर्विड म्हणाला.

"चल," यूस्टाइन उठला. "गाडी काढतो."

ते आले तर कोठाराचं दार सताड उघडं होतं. आत पिंपाला आर्विड-गुनवोरच्या पलंगावरच्या दोन्ही पिसांच्या दुलया गुंडाळलेल्या होत्या. भोवती चुलीवर तापवलेले दगड फडक्यांत बांधून रचले होते. बोर्गहिल्डकाकू आणखी दगड बादलीतून आणत होत्या, गुनवोर दुलई आवळत होती, आणि मोन्स एका हाताने सगळ्यांना हुकूम सोडत होते.

"शनिवारी आरोळी ऐकू आली नाही तेव्हाच मनात आलं," ते मागे न बघताच म्हणाले. "गुनवोरने आज सांगितलं. कशाला गार केलंस?"

"पुस्तकात लिहिलंय, वीस अंश," आर्विड पुटपुटला.

"पुस्तक कुणाच्या गोठ्यात लिहिलंय?"

आर्विडने मान खाली घातली. "मोन्स, मी सगळंच ओतलं. मागे काही ठेवलं नाही. माझ्यामुळे गेलं सगळं. माफ करा."

मोन्सनी पायाने एक दगड पिंपाजवळ सरकवला. मग म्हणाले, "गेलं की नाही ते खमीरच सांगेल. तू आरोळी दे."

"आता?"

"मग काय ईस्टरला?"

आर्विडने तोंड उघडलं. दोन दिवसांची भीती, अठरा वर्षांचं ऑस्लोकरपण, बारा अधिक दोन आठवडे, सगळं त्या आरोळीतून बाहेर पडलं. काकूंच्या हातून दगड सुटला. त्यांचा कुत्रा पिंपामागे गेला. फ्योर्डपलीकडून कुणाचं तरी दुसरं कुत्रं भुंकलं.

"हं," मोन्स म्हणाले. "हे काहीतरी झालं."

मग सगळे बादल्या उलट्या करून बसून राहिले. काकूंनी चपटी भाकरी आणि खारवलेलं मटण आणलं. पाचच्या सुमाराला पिंपातून एक आवाज आला, झोपेत कूस बदलल्यासारखा. मग आणखी एक. मग दुलयांखाली बारीक चुरचुर सुरू झाली आणि ती थांबेचना. आर्विड गुडघ्यांवर बसून झाकणाच्या फटीतून फेस बघत राहिला. मेलं नव्हतं. दोन दिवस थंडीत कुडकुडत वाट बघत बसलं होतं. नक्की कशाची वाट बघत होतं, हा प्रश्न त्याला लगेच पडला, आणि विचारायला तोंड उघडणार तोच गुनवोरने त्याचा हात दाबला. त्या रात्री नवराबायको कोट घालून झोपले.

नाताळाआधीच्या शनिवारी चौदाऐवजी एकोणीस माणसं आली. कोठारात उभं राहूनच बिअर पिंपातून काढायची आणि तिथेच चाखायची, अशी रीत. लाकडी वाडगा हातोहात फिरला. आर्विड भिंतीला टेकून उभा होता. पहिला घोट मोन्सचा.

"पावसाची चव आहे," ते म्हणाले.

"वाईट आहे?"

"पाऊस इथलाच आहे." आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.

वाडगा बोर्गहिल्डकाकूंकडे गेला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "याहून वाईट प्यायलेय मी," त्या म्हणाल्या. कोठारात एक कौतुकाची लहर गेली. गेल्या चाळीस वर्षांत काकूंनी याहून मोठी स्तुती फक्त एकाची केली होती, आणि तीही तो माणूस वारल्यावर. बाकीच्यांनी वाडगा तळापर्यंत नेला आणि पुन्हा भरायला पुढे केला.

उरलेली बिअर नाताळासाठी लहान पिंपांत भरली गेली आणि मोठं पिंप रिकामं झालं. तळाशी सायीसारखा दाट, पिवळट साका राहिला. गर्दी जराशी पांगली तेव्हा यूस्टाइन पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. आर्विडने त्याचं गुपित कुणाला सांगितलं नव्हतं, पण कोटाखालून त्याने स्वतःच एक रिकामी बरणी बाहेर काढली.

"काका," तो म्हणाला, "माझं गेलं. सप्टेंबरातच. थोडं मिळेल?"

मोन्सनी बरणीकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने खिशातून पाइप काढत म्हणाले, "मला काय विचारतोस? ज्याचं आहे त्याला विचार."

एकोणीसपैकी जेवढे उरले होते तेवढे सगळे आर्विडकडे वळले. आर्विडला हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने लाकडी पळी घेतली, वाकून पिंपात हात घातला आणि बरणी काठोकाठ भरून दिली. डोळे भरून आले होते, म्हणून तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पिंपात वाकून राहिला. आत जुनिपरचा वास होता आणि थोडा धुराचाही.

यूस्टाइनने बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन काढलं. "काय लिहू?"

"ज्याच्याकडून घेतलंस त्याचं नाव लिहितात," काकू म्हणाल्या. "तेवढंही कळत नाही का रे तुला?"

यूस्टाइनने पिंपावर बरणी टेकवून लिहिलं. आर्विड. नुसतं आर्विड. मोन्स चष्मा नाकावर सरकवत जवळ आले आणि ओठ हलवत ते एक नाव सावकाश वाचलं.

"एवढ्यात कोटाखाली घालू नकोस," ते पुतण्याला म्हणाले. "शाई वाळू दे. पुसलं जाईल."